मध्यंतरातली जाहिरात

१

मध्यंतराला पडद्यावर पाइपची जाहिरात लागायची होती. तिच्या जागी एक मेलेली मुलगी दिसली.

मुलींच्या कॉलेज हॉकीचा अंतिम सामना, सांगली विरुद्ध सातारा, आणि तोही टीव्हीवर थेट. आमच्या भागात हे पहिल्यांदाच घडत होतं. गल्लीतल्या क्रिकेटला कॅमेरे येतात, पण मुलींच्या हॉकीला कुत्रं विचारत नाही. सांगलीच्या संघाची प्रशिक्षक शरयू प्रायोजकासाठी कितीतरी उंबरे झिजवून आली होती. शेवटी आष्ट्याचे बाळासो तयार झाले. हे धारवंत पाइप कंपनीचे मालक. तीन हंगामांचं प्रक्षेपण त्यांच्या खर्चानं होणार होतं. बदल्यात चषकाच्या नावाआधी कंपनीचं नाव, मध्यंतराला जाहिरात, आणि चषक द्यायचा तो मालकाच्याच हस्ते, मैदानाच्या मधोमध, कॅमेऱ्यासमोर. ही शेवटची अट त्यांनी स्वतः आग्रहानं घालून घेतली होती. प्रक्षेपणात विघ्न आलं तर ज्याच्या माणसानं आणलं त्यानंच निस्तरायचं, हे कलमही त्यांचंच.

मी भार्गवी. साताऱ्यात वकिली करते आणि हे प्रक्षेपण करणाऱ्या छोट्या वाहिनीची कायद्याची कामं बघते. फटकळ म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी मेहनतीनं मिळवली आहे. तो सामना मी घरीच बसून बघत होते.

पडद्यावर आलेली चित्रफीत जुनी होती, थरथरणारी, लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्यानं काढावी तशी. मैदान मात्र हेच. चेंडू कानशिलावर बसून एक मुलगी खाली पडते. बाकावरची दुसरी एक मुलगी धावत सुटते, कडेच्या रेघेपाशी क्षणभर वाकते आणि आत शिरते. मंडपात पांढऱ्या सफारीतले बाळासो उभे आहेत. तेव्हा ते जिल्ह्याच्या हॉकी संघटनेचे अध्यक्ष होते. ते हात हलवून सांगतात, खेळ चालू ठेवा. पडलेल्या मुलीला उचलून कडेच्या लिंबाखाली ठेवतात आणि खेळ खरोखरच सुरू होतो. खाली अक्षरं आली : ‘ही पल्लवी. हिला दवाखान्यात न्यायची जीप प्रमुख पाहुण्यांना आणायला गेली होती.’

आष्ट्याच्या मंगल कार्यालयात बाळासोंनी सगळे डीलर जेवायला बोलावून मोठा पडदा लावला होता. त्यांनीही हे पाहिलं.

संध्याकाळी बाळासोंचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटला.

“वकीलबाई, मला नाव पायजे. ते त्या शरयूबाईचंच काम हाय. परवापातूर तुमी नाव काढा, न्हाईतर करार मोडला समजा आनि तिच्यावर पोलीस केस हाय.”

करार मोडला की प्रक्षेपण संपलं. केस झाली की शरयूची नोकरी संपली. आणि शरयू गेली, तर त्या मैदानावर मुलींना हातात काठी देणारं दुसरं कोणी नव्हतं.

२

सकाळी मी सांगलीत पोचले, तेव्हा शरयू गोलच्या जाळीला टेकून बसली होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. बाळासोंनी तिच्यावरच बोट का ठेवलं ते तिनं लपवलं नाही. मूळ जाहिरातीत एक नटी हॉकीची काठी खराट्यासारखी धरून पाइपभोवती नाचत होती. ते बघून शरयूनं चारचौघांत बाळासोंना सुनावलं होतं की असलं काही माझ्या पोरींच्या सामन्यात लागणार नाही. सामन्याआधी ती ओबी व्हॅनकडे, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीकडे गेली होती, हेही खरं होतं. खेळाडूंच्या नावांचे उच्चार सांगायला गेले होते, म्हणाली.

“पल्लवीची गोष्ट मला माहीत होती,” ती म्हणाली. “ती फीत माझ्याकडे असती तर मी लावली असती का, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. पण या पोरींचं प्रक्षेपण मी माझ्या हातानं नसतं बुडवलं.”

व्हॅन निमिषची. तिशीतला, चिडका, तीन रात्री जागलेला. जाहिरात कंपनीच्या पेन ड्राइव्हवर आली होती, सकाळी त्यानं ती चालवून पाहिली होती आणि तेव्हा नटीच नाचत होती. नंतर कोणीतरी पेन ड्राइव्ह बदलला. ओळखायला मार्ग नव्हता, कारण पाइपच्या आकाराचे ते हिरवे पेन ड्राइव्ह धारवंत कंपनी दर दिवाळीला शेकड्यांनी वाटते. निमिषकडे स्वतःचेच चार निघाले. बाळासोंनी त्याला भाड्यात इतकं पिळलं होतं की त्याचाही राग मला खरा वाटला.

तिसरा सुमंत, सातारच्या कॉलेजचा क्रीडा संचालक. पल्लवी त्याच कॉलेजची. पण तो घटनेनंतर कितीतरी वर्षांनी तिथे लागला होता, मुळात बास्केटबॉलचा माणूस. प्रक्षेपणाचा कोन बघायला आपणही व्हॅनपर्यंत गेलो होतो, हे त्यानं मी विचारायच्या आधीच सांगितलं. असं आधीच सांगणारे मला आवडत नाहीत.

व्हॅन पलीकडच्या गोलमागे उभी होती. तिथे जायला एकच बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी मैदानाचा राखणदार तानाजी खुर्ची टाकून बसलेला. त्यानं हेच तिघे सांगितले.

“आणि मैदानातून कोणी आडवं गेलं असलं तर?” मी विचारलं.

तानाजीनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “आवं बाई, फक्की मारून झाल्याव नारळ फुटल्याबिगर मैदानात पाय टाकत न्हाई कोन. मी तंगडी मोडीन.”

फक्की म्हणजे रेघा आखायची चुन्याची पूड. ती मारून झाली होती आणि मग सगळे नारळ फोडायला फाटकाशी जमले होते. नारळ कोणी फोडला, असं विचारल्यावर तो अभिमानानं म्हणाला, मीच. दरवर्षी मीच फोडतो.

“म्हणजे तेवढा वेळ तुम्ही बोळात नव्हतात.”

तो हळूच म्हणाला, “नारळ फोडून आलो तवा लिंबाकडची रेघ एका जागी फिसकटल्याली व्हती. कुत्र्यानं पाय घासला आसंल म्हनून मी परत फक्की टाकली.”

बोळातून गेलेले तिघे एकीकडे राहिले. रिकाम्या मैदानातून चौथं कोणीतरी गेलं होतं.

३

धारवंत पाइपची जाहिरात आणि प्रसिद्धी बघणारी अश्लेषा मला आष्ट्याला त्यांच्या कचेरीत भेटली. पस्तिशीच्या आतली, नीटनेटकी, मोजकं बोलणारी. बाळासोंना या प्रायोजकत्वासाठी तयार केलं ते हिनंच. आपल्या साहेबांची अशी फजिती झाल्यावर तिची नोकरी धोक्यात असणार, म्हणून मी जरा सांभाळूनच बोलले.

तिनं चहा मागवला आणि सरळ उत्तरं दिली. सामन्याच्या सुरुवातीला ती मैदानावर नव्हतीच. उंब्रजजवळ पालीच्या खंडोबाला गेली होती, नवस होता. तिथून थेट सांगलीला आली, ती मध्यंतराच्या जरा आधी.

मी निघाले तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला. “साहेबांची लेखी नोटीस तुम्हाला मिळाली का?”

नाही म्हटल्यावर तिनं मान हलवली. मला वाटलं, मालकाची काळजी आहे.

परतल्यावर मी निमिषच्या व्हॅनमध्ये बसून सामन्याचं सगळं चित्रण पाहिलं. मध्यंतराच्या आधी कॅमेरा मंडपाकडे वळतो. बाळासो माइक हातात घेऊन बोलायच्या तयारीत आहेत. मागून अश्लेषा येते, वाकून त्यांच्या कानात काही सांगते. टिकलीच्या वर देवाचं काहीतरी लावलेलं, पांढरा ओरखडा. तिचं बोलणं खरं होतं, तर मी तिला यादीतून काढून टाकायला हवं होतं. मग फीत लागते. बाळासोंचा चेहरा उतरत जातो.

तो चेहरा मी तीनदा लावून पाहिला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या फितीतली मुलगी कडेला ठेवल्यावर एकदा हात उचलायचा प्रयत्न करते आणि मंडपातला माणूस तिच्याकडे पाठ करून खुर्चीत बसतो. हे बघितल्यावर ज्याला राग येत नाही, त्याच्याशी मला बोलायचं नाही.

पण शरयूचा गळा त्यात अडकला होता. मी फीत पुन्हा लावली आणि या वेळी पल्लवीकडे न बघता बाकावरून धावणाऱ्या मुलीकडे बघितलं. तिचा चेहरा दिसत नव्हता. पण मैत्रीण मरायला टेकलेली असताना ती रेघेपाशी थांबली होती. का थांबली होती?

४

याचं उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस होता. सातारच्या मुलींना तेव्हा शिकवणारे तात्या. मुलीला कडेला ठेवल्यावर जीप मागायला मंडपात धावलेले आणि धक्का मारून बाहेर काढलेले. पल्लवीनंतर त्यांनी मैदान सोडलं. साताऱ्यातच शाहूपुरीत ते मुलाकडे राहतात, पाय अधू झालेत.

मी फीत फोनवर दाखवली. त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते बघत राहिले.

“माझी पोरगी ती,” ते म्हणाले. “सगळ्याच माझ्या. रेघ ओलांडायच्या आधी तिला हात लावायचा, हात कपाळाला लावायचा आणि मगच आत. मी सवयच लावली होती. आता कोण करत नाही. हल्लीच्या पोरींना मी शिकवलेलं नाही.”

ही मुलगी कोण, असं मी विचारलं. राखीव खेळाडू होती, एवढंच म्हणाले. फीत त्यांनीच काढवून घेतली होती आणि संघातल्या प्रत्येक मुलीला तिची एकेक प्रत दिली होती, विसरू नये म्हणून.

“नाव सांगा तात्या. नाहीतर एका निरपराध बाईची नोकरी जाईल.”

“मी नाव सांगणार नाही. मला मंडपातून हाकललं, तेव्हा माझं कोणी ऐकलं होतं?” त्यांनी फोन मला परत दिला. “पण जिनं केलं ती माझी असेल, तर निरपराध बाईला बुडू देणार नाही. तेवढं मी सांगतो.”

मी हात हलवत परत सांगलीकडे निघाले. संध्याकाळी उंब्रजला चहाला थांबले. शेजारच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं, म्हातारी, तिचा मुलगा, सून, दोन पोरं. पालीहून आलेले. सगळ्यांची कपाळं, गाल, अगदी पोरांचे कानसुद्धा भंडाऱ्यानं पिवळेधमक.

मी चहा तसाच ठेवून उठले. खंडोबाहून आलेल्या बाईच्या कपाळावर पांढरं काय होतं?

५

मी लगेच कोणाला काही बोलले नाही. कपाळावरचा ओरखडा कोर्टात टिकत नाही, बाई म्हणेल घरच्या देवाचा अंगारा. मी चौघांना दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर बोलावलं. सामन्याच्या दिवशी कोण कुठे उभं होतं ते मला प्रत्यक्ष दाखवा, म्हटलं. तानाजीला सांगून ताजी फक्की मारून घेतली. त्याला कारण सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

निघता निघता आष्ट्याहून आलेल्या माणसानं पाकीट हातात दिलं. बाळासोंची नोटीस. मी ती वाचली, पिशवीत टाकली आणि मैदानाकडे गेले.

आम्ही लिंबाखाली जमलो. मी म्हटलं, चला, व्हॅनच्या जागेपर्यंत आडवे जाऊ, जवळ पडेल.

पहिला निमिष निघाला. त्यानं बूट थेट रेघेवर ठेवला आणि तानाजीच्या शिव्या खाल्ल्या. सुमंत फोनवर बोलत होता, रेघ आली कधी आणि गेली कधी हे त्याला कळलंही नाही. शरयू उजवा पाय आधी टाकून आत गेली, ती तिची मिरजेच्या शाळेतली सवय. मी मागे थांबले.

अश्लेषाच्या हातात फायली होत्या. ती काहीतरी विचारत माझ्या बरोबरीनं चालत होती. रेघेपाशी आली, बोलता बोलता वाकली, दोन बोटं चुन्याला लावली आणि कपाळाला टेकवली.

मग तिचा हात तिथेच थांबला. तिनं आपली पांढरी बोटं पाहिली. नंतर मला पाहिलं. मी तिच्या कपाळाकडे बघत होते.

“पालीला भंडारा लावतात,” मी म्हटलं. “पिवळा.”

तिनं नाकारलं नाही. रडलीही नाही. अगदी हळू आवाजात विचारलं, “नोटीस निघाली का, मॅडम?”

“सकाळी मिळाली.”

अश्लेषा हसली. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी.

६

तिथेच लिंबाखाली बसून तिनं सगळं सांगितलं, आणि सगळ्यात आधी ती शरयूसमोर वाकली. तुम्हाला दोन दिवस जाळलं, म्हणाली, याचं मला वाईट वाटतं, पण नोटीस निघेपर्यंत मला लपायलाच हवं होतं. शरयूनं अश्लेषाच्या खांद्यावर हात ठेवला.

पल्लवी आणि ती एका खोलीत राहत होत्या. चेंडू लागला तेव्हा धावत गेलेली राखीव मुलगी तीच. मिरजेला नेईपर्यंत उशीर झाला होता. पुढे ती शिकली, नोकऱ्या केल्या आणि एक दिवस मुद्दाम धारवंत पाइपमध्ये अर्ज केला. मुलाखत बाळासोंनीच घेतली. त्यांनी तिला ओळखलं नाही, कारण त्या दिवशी त्यांनी एकाही मुलीच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. प्रायोजकत्वाची कल्पना तिची, डीलरांना पडद्यासमोर बसवायची कल्पनाही तिची. नारळाच्या वेळी मैदान रिकामं होतं हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक असतं. ती लिंबाकडून आत शिरली, आणि शिरताना जे हात आयुष्यभर करत आले तेच त्यांनी केलं.

“नुसती फजिती करायची असती तर यूट्यूबवर टाकली असती,” ती म्हणाली. “चार दिवसांत लोक विसरले असते.”

तेव्हा मला करारातलं ते कलम आठवलं, ज्याच्यावर बाळासो अडून बसले होते. मी आणि अश्लेषा एकाच गाडीतून आष्ट्याला गेलो.

बाळासो खुर्चीत टेकून बसले होते. मी उभीच राहिले. नोटीस त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारलं, ही कायम आहे का? कायम, ते म्हणाले. अजून मागे घ्यायची असेल तर घ्या, मी सांगितलं. माझा धर्म म्हणून मी ते दुसऱ्यांदाही सांगितलं. ते वैतागले.

“तुमी नाव सांगा वकीलबाई. ज्याच्या मानसानं केलं त्यानंच निस्तरायचं, आसं मीच लिव्हून घेतलंय.”

“हो, तुम्हीच. ज्या पक्षाच्या माणसानं, चुकून असो वा मुद्दाम, प्रक्षेपणात विघ्न आणलं, त्या पक्षाला करार मोडता येणार नाही. तिन्ही हंगाम त्यानं आपली प्रत्येक अट पाळायची. आणि या नोटिशीत तुम्ही लिहून दिलंय की विघ्न मुद्दाम आणलं गेलं आणि हेच कलम लागू आहे.”

“मग?”

“तुमच्याच माणसानं आणलं,” मी म्हटलं आणि बाजूला झाले.

अश्लेषा पुढे आली. कपाळ तिनं पुसलेलं नव्हतं.

“मी पल्लवीच्या खोलीत राहत होते, साहेब. ‘चुकून असो वा मुद्दाम’ हे शब्द मी सुचवले होते. तुम्हाला फार आवडले होते.”

बाळासोंनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढल्याचं सांगितलं. तिनं फायली टेबलावर ठेवल्या, सोबत एक हिरवा पेन ड्राइव्ह ठेवला. तुमची नटी, म्हणाली.

७

बाळासोंनी कोल्हापूरचे मोठे वकील गाठले. त्यांनी नोटीस वाचून बाळासोंनाच चार शब्द सुनावले, असं मी ऐकलं. चषकाला नाव द्यायचा हक्क कॉलेजांचा होता. दोन्ही कॉलेजांनी एकमतानं दिलं. पुढच्या हंगामात प्रत्येक सामन्याआधी, मध्यंतराला आणि शेवटी वाहिनीवर तेच झळकत राहिलं : धारवंत पाइप पल्लवी चषक. दोन नावं एका ओळीत, त्याच माणसाच्या खर्चानं.

अंतिम सामना पुन्हा सांगलीत झाला. या वेळी मी मैदानावर होते. तात्यांना सातारच्या मुलींनी खुर्चीसकट आणून लिंबाखाली बसवलं होतं. शेजारी अश्लेषा. ती आता दोन्ही संघांसाठी पुढच्या वर्षांचे प्रायोजक शोधत फिरते. सांगली जिंकली. शरयूनं आनंद फार दाखवला नाही, फक्त गोलरक्षकाची पाठ थोपटत राहिली.

मग चषक. तो मालकाच्याच हस्ते, मैदानाच्या मधोमध, कॅमेऱ्यासमोर. त्यांचीच अट.

बाळासो मंडपातून उतरले आणि लिंबाकडून चालत रेघेपाशी आले. दोन्ही संघ मध्यावर रांगेत उभे होते, कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. निमिषनं कॅमेरा त्यांच्यावर धरला होता. आष्ट्याच्या मंगल कार्यालयात या वर्षीही डीलर बसले होते. पडदा काढला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं.

त्यांनी पाय उचलला. तात्या खुर्चीतून म्हणाले, “बाळासो, आधी रेघेला हात.”

पाय हवेतच राहिला. बाळासोंनी मागे पाहिलं. अश्लेषा उभी होती.

“तिला इथंच ठेवलं होतं, साहेब,” ती म्हणाली. “तुम्ही उभे आहात तिथं.”

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग मुलींच्या रांगेकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच एकेकीच्या तोंडाकडे. आणि ते वाकले. वय झालेलं, पोट मध्ये येत होतं, बोटं रेघेपर्यंत पोचायला वेळ लागला. चुना लागलेला हात त्यांनी कपाळाला लावला. सगळ्या जिल्ह्यानं ते पाहिलं. मीही पाहिलं, डोळे भरून.

उभे राहून त्यांनी कपाळ पुसायला रुमाल काढला. फक्कीची पाटी हातात घेऊन तानाजी शेजारीच उभा होता.

“ऱ्हाऊ द्या, साहेब,” तो म्हणाला. “टीव्हीवर चांगली दिसती.”